गांगुर्डे सरांचे कान

सर्जन लोकांना म्हातारपणाची धास्ती कसली असते? हात कापायला लागतील, बारीक दिसेनासं होईल, उभं राहून कंबर धरेल. आमच्या गांगुर्डे सरांचे हात शेवटपर्यंत जागच्या जागी होते, चष्म्याचा नंबरही फारसा हलला नव्हता. गेले ते कान. आता कुणी म्हणेल, मणक्याच्या सर्जनला कान हवेत कशाला? इतरांना नसतीलही लागत. पण या माणसाचं अख्खं ऑपरेशन कानांवर चालायचं. मी हे ऐकीव सांगत नाही, मी भूल देणारी डॉक्टर. पेशंटच्या डोक्याशी माझं स्टूल असायचं आणि सगळा तमाशा मी तिथून बघितलाय.

आधी दुखणं काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वय झालं की हाडं आतून पोखरत जातात, बायकांची जास्तच. मग पडायचीही गरज लागत नाही. रिक्षा खड्ड्यात आदळते, वाकून बादली उचलली जाते, आणि पाठीतला एखादा मणका खचकन चेपतो. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. पण त्या बाईला कुशीवर वळता येत नाही, संडासला उठवायचं तर दोन माणसं लागतात. औषधांनी आणि विश्रांतीने भागलं नाही तर जाड सुईने त्या मणक्यात सिमेंट भरतात. बिल्डिंगवालं नव्हे, हाडांसाठीचं वेगळं येतं. पण काम गवंड्याचंच. भुकटीत द्रव ओतून कालवायचं. आधी ते ताकासारखं पातळ, मग श्रीखंडासारखं, आणि बघता बघता दगड. मधल्या वेळातच काय ते उरकायचं.

धोका असा की चेपलेल्या मणक्याला भेगा असतात. सिमेंट पातळ असताना ढकललं किंवा हावरटासारखा जोर केला की ते भेगेतून बाहेर ओघळतं. थोडं इकडेतिकडे गेलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मात्र मणक्याच्या मागच्या भिंतीला लागूनच नसा असतात. तिकडे जाऊन घट्ट बसलं तर चालायला आणलेली बाई पाय ओढत घरी जाऊ शकते. म्हणून सगळेच सर्जन एक्स-रेच्या पडद्यावर डोळे लावून ते भरतात. सरही लावायचे. पण त्यांचं म्हणणं होतं की चित्र उशिरा सांगतं, माणूस आधी सांगतो.

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात त्यांच्याबरोबरचा माझा पहिला दिवस. मी औषधं भरून तयार, आणि हे आल्या आल्या म्हणाले, "ए सावंत, झोपवायचं नाही हं."

ओळख ना पाळख, थेट अरे-तुरे! माझं डोकं तिथंच फिरलं. मी म्हटलं, "सर, पालथं पडायचंय, पाठीत सुई जाणार. म्हातारी घाबरेल."

"मी जागा सुन्न करतो. अगदीच वाटलं तर थोडं काहीतरी दे, पण तिची जीभ जड होता कामा नये. तू तिचा श्वास सांभाळ, बीपी सांभाळ आणि तिला बोलती ठेव. मी मागून ऐकतो."

"बोलती ठेवू? मी भूल देते सर, कीर्तन नाही करत."

"मग मी करतो कीर्तन," असं म्हणून ते हात धुवायला गेलेसुद्धा.

टेबलावर रसीलाबेन होत्या, मुलुंडच्याच. सरांनी मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, बा, उंधियू कसं करता? झालं! बाईंनी सुरती पापडीपासून जे लावलं ते थांबायचं नाव नाही. सरांचा हात त्यांच्या बोलण्याबरोबर मुंगीच्या पावलाने सुईतून सिमेंट भरत होता. थोडं भरलं की थांबायचे. ते आधी भेगेत जरा घट्ट होऊ द्यायचं, मग त्याच्या आडोशाने उरलेलं. "मुरू दे, मुरू दे," असं स्वतःशीच पुटपुटायचे. मध्येच रसीलाबेन गप्प झाल्या. त्याच क्षणी सरांचा हात थांबला. मला तर तो थांबलेला नंतर कळला.

"शुं थयुं, बा? पायात काही होतंय? बोटं हलवा बघू."

बोटं छान हलली. बाई म्हणाल्या, "कंई नहीं भाई, मीठुं केवानुं रही गयुं." मीठ सांगायचं राहून गेलं होतं! सगळं ऑपरेशन थिएटर हसलं, सर सोडून. ते पडदा पुन्हा समोरून आणि बाजूने बघून मगच हसले.

असा हा माणूस. मूळचे सिन्नरकडचे, वाढले विक्रोळीत. वडील कारखान्यात, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि खोलीत दिवसभर बोलणारी आई. आईबद्दल ते फारसं सांगत नसत. एकदाच म्हणाले होते, "आमची आई वाकत वाकत गेली. सगळे म्हणाले वय झालं. मीपण म्हणालो, तेव्हा शिकत होतो तरी." एवढंच म्हणाले आणि चहाचा कप विसळायला उठले. स्वतःचा कप स्वतः विसळायची सवय होती त्यांना. आणि दुसऱ्याचा विसळलेला नसेल तर बडबड करत तोही विसळायचे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते वॉर्डात जाऊन पेशंटच्या पायथ्याशी बसत. नवीन डॉक्टरांना वाटायचं, काय प्रेमळ सर्जन! प्रेमळ होतेच, पण खरं काम वेगळं असायचं. ही बाई कशावर न थांबता बोलेल, ते शोधायला ते येत. त्याला ते "विषय काढणे" म्हणत. मुलं, सुना हा विषय वर्ज्य. "रडायला लागते रे," म्हणायचे, "आणि रडणं कुठलं नि कळ कुठली, मागून समजत नाही." हाताने करायचं काम विचारावं. पापड, गोधडी, मासळीचा बाजार. त्यात एकामागून एक गोष्ट येते, बाईला आठवावी लागते, आणि आठवता आठवता कुठे काही टोचलं की जीभ अडखळते.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. भांडुपचे एक पेडणेकर मास्तर होते, निवृत्त. बोलायला कंजूष. सरांनी विचार केला, शिक्षकच तो, पाढे म्हणायला लावू. मास्तरांनी सुरू केले, खणखणीत. सर निवांत भरतायत, मी निवांत बीपी बघतेय. एकोणतिसाचा पाढा संपवून मास्तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, उजव्या मांडीत मघापासून मुंग्या येतायत."

"मघापासून म्हणजे? कधीपासून?"

"सत्ताविसाच्या मध्यापासून."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"पाढा मध्ये तोडू नये," मास्तर म्हणाले.

वाट लागली म्हटलं आता! पण देवाची कृपा, बोटं हलत होती, ताकद शाबूत होती. सिमेंटची एक बारीक धार बाजूच्या नसेकडे गेलेली दिसली. मांडी काही आठवडे ठणकली, मग तेही दुखणं गेलं. सरांनी मास्तरांना आणि त्यांच्या मुलीला समोर बसवून, पडद्यावरचं चित्र दाखवून काय झालं ते स्पष्ट सांगितलं, काही झाकलं नाही. त्या दिवसापासून तोंडपाठ गोष्टींना बंदी. पाढे नको, स्तोत्र नको, जप नको. एका बाईने विष्णुसहस्रनाम म्हणू का विचारलं, तर म्हणाले, "ताई, घरी गेल्यावर म्हणा. इथे मला लसणाची चटणी सांगा."

भरण्याच्या बाबतीतही माणूस चिकट. तरुण सर्जनांना पडद्यावर मणका काठोकाठ भरलेला आवडतो, दिसायला झकास दिसतो. सर निम्म्यावरच हात काढायचे. नातेवाईक फिल्म बघून विचारायचे, "एवढंसंच घातलं?" सर म्हणायचे, "अहो, मणका म्हणजे गच्चीवरची टाकी आहे का काठोकाठ भरायला? दुखणं थांबलं ना, बस." आणि खरंच, दुखणं थांबलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बेडवर बसून चहा पीत असायची. ते बघायला ते मुद्दाम वाकडी वाट करून वॉर्डात डोकवायचे.

आता कानांकडे येते.

पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही. सर फोनवर ओरडून बोलायला लागले, आम्ही म्हटलं चिडचिडे झाले. कुणी गुड मॉर्निंग केलं तर सरळ निघून जायचे, म्हटलं भाव खातात. एसीच्या आवाजावरून रोज टेक्निशियनशी भांडण. एसी कमी करावा तर सिमेंट लवकर घट्ट होतं, त्यामुळे तेही जमेना. मधल्या कोरोनाच्या काळात सगळ्यांच्याच तोंडावर मास्क, बोलणाऱ्याचे ओठ दिसत नव्हते, तेव्हापासून त्यांचं "हां? काय?" फार वाढलं. माझ्यासमोर सगळं घडत होतं आणि मी कानांचा विचारही करत नव्हते. ऑपरेशन करताना मात्र ते पूर्वीसारखेच ठाम वाटायचे, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मग कौसाबाई आल्या. देवनारला राहणाऱ्या, मूळच्या जालन्याकडच्या. दोन पायऱ्या उतरताना चेपलेला मणका, आणि त्याची मागची भिंतही तडकलेली. म्हणजे सिमेंट नसांकडे जायला रस्ता मोकळा. त्यात दमा, छाती खराब. पूर्ण भूल द्यायची माझीच हिंमत नव्हती. जागेपणीच करायचं. आणि बाई तर बोलतच नव्हती! काही विचारलं की सून उत्तर द्यायची. नाव काय, सून. दुखतं कुठे, सून. सर संध्याकाळी जाऊन बसले, गोधडी काढली, बाजार काढला, शेत काढलं. बाई नुसत्या मान हलवतायत. मी म्हटलं, "सर, ही नाही बोलणार. पुढे ढकलू या."

"ढकलून काय होईल? पडून पडून छाती आणखी भरेल. थांब जरा." मग कौसाबाईंकडे वळून अगदी साळसूदपणे म्हणाले, "मावशी, आमच्याकडे येसराच्या आमटीत गूळ घालतात."

येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून केलेलं पीठ, त्याची आमटी तिकडे सणावाराला लागते. कौसाबाईंनी पहिल्यांदा डोळे वर केले. "गूळ?" त्या म्हणाल्या. "येसरात गूळ? कोणी शिकवलं रं तुला?"

सुनेचं तोंड उघडंच राहिलं. सर म्हणाले, "आणि वर चिंच." बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या जे बोलायला लागल्या ते नर्सने जेवणाचं ताट आणेपर्यंत. मिळाला विषय. म्हणजे चुकीचं बोलायचं आणि बाईंना भडकवत ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी टेबलावरही तेच. बाई पालथ्या, तोंड माझ्याकडे वळलेलं, आणि शिव्याशाप चालू. "आधी बाजरी भाज, मेल्या, मग हरभरा. एकदम टाकशील तर जळंल. मंग धने. मंग..."

आणि त्या थांबल्या. ओठ अर्धे उघडे, डोळे बारीक झाले. मी सरांकडे बघितलं. हात थांबायला हवा होता. हात चालूच होता.

"सर, थांबा!" मी ओरडले. इतकी ओरडले की ट्रेजवळची सिस्टर दचकली. हात थांबला. सरांनी माझ्याकडे बघितलं, मास्कच्या वरचे ते डोळे मी विसरणार नाही. भेदरलेले होते.

"काय झालं, मावशी?" मी विचारलं.

"मांडीत वीज गेली गं."

बोटं हलवायला सांगितली. हलली. दोन्ही पाय हलले. एक्स-रेचं मशीन फिरवून बघितलं तर सिमेंटची एक रेघ मागच्या भिंतीपर्यंत येऊन थांबलेली, पलीकडे जेमतेम टोक. आणखी थोडं ढकललं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. सरांनी सुई काढली, टाका घातला, बाईंच्या डोक्याशी येऊन म्हणाले, "मावशी, गूळ नाही घालत आम्ही. तुम्ही म्हणता तेच खरं." कौसाबाई संध्याकाळी उठून बसल्या. मांडीतली वीजही पुन्हा आली नाही.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर चहाची जागा आहे, तिथे सर बाकावर बसले होते. चहा गार होत होता.

"ती कधी थांबली?" त्यांनी विचारलं.

"धने म्हणाली आणि थांबली. तुम्ही त्यानंतरही भरत होतात."

"मला धने ऐकू आले नाहीत," ते म्हणाले. "मला हरभराही ऐकू आला नाही गं. तिचं एकूण चाललंय असं वाटत होतं, म्हणून मी भरत होतो."

मला राग आला होता, खरं सांगते. माझा आवाज चढला. "कधीपासून हे? आणि सांगितलं का नाहीत? मी तिथेच बसलेली असते ना!"

 मग त्यांच्याकडे बघितलं आणि मला त्यांची इतकी दया आली की काय सांगू. एवढा दांडगा माणूस, आणि शाळेतून घरी पाठवल्यासारखा बसला होता.

कानाची मशीनं आणली घाटकोपरहून, चांगली भारीतली. पण मशीन सगळंच मोठं करतं. एसी मोठा, ट्रे मोठा, आणि आजीबाईंचं पुटपुटणं त्यात हरवलेलं. एकदा ऑपरेशनच्या कपड्यात उभं राहून त्यांनी मला स्टुलावर बसून हळू आवाजात बोलायला लावलं आणि स्वतः पाठमोरे उभे राहिले. मी आमच्या मालवणी आंबोळीची कृती सांगितली. मध्येच मी थांबले. ते मान डोलवतच राहिले. मग वळून म्हणाले, "संपली का?" मी म्हटलं, "मघाशीच." त्यांनी त्याच दिवशी आपल्या सगळ्या केसेस अदितीकडे दिल्या.

अदिती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, बोरिवलीची. हात सुंदर, स्वभाव तापट, आणि काम करताना एक शब्द खपत नाही. ती म्हणाली, "सर, झोपवून करा ना. सगळे करतात."

"करतात, आणि चांगलं करतात. मला नाही जमत. मला ती बोललेली लागते," सर म्हणाले. "हातात सुई आणि कान बंद, तर मी नुसता गवंडी."

मग काही दिवस ते कॅन्टीनमध्ये बसून राहायचे. ओपीडी करायचे, तिथे पेशंट समोर असतो, ओठ दिसतात, भागायचं. पण ऑपरेशनच्या दिवशी घरी थांबणंही होत नसे. यायचे, चहा घ्यायचे, सगळ्यांचे कप विसळायचे. या माणसाचं आता इथे काय काम, असं लोक बोलायला लागले होते, आणि त्यांना ऐकू येत नसलं तरी कळत होतं.

तोडगा त्यांनीच काढला, तोही भांडणातून. अदितीची एक पेशंट टेबलावर फार घाबरली, रडायला लागली. अदिती वैतागून ओरडली, "मला हिच्याशी बोलता बोलता हात चालवता येणार नाही." सर दारातच उभे होते. एक्स-रेसाठीचा शिशाचा एप्रन चढवून आत आले आणि म्हणाले, "तू बोलूच नकोस. मी बोलतो. माझा हात वर असेल तोवर भर. खाली आला की थांब. का, ते विचारायचं नाही."

आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले! माझ्या नळ्या, माझं मशीन, आणि मध्ये हा बुवा गुडघे पसरून. मी म्हटलं, "सर, ही माझी जागा आहे हं." ऐकू आलं नसावं, किंवा आलंही असेल. म्हातारीच्या नाकासमोर नाक नेऊन ते विचारत होते, "आजी, तुमच्याकडे कुरडया कशा घालतात?" एक हात वर, झेंडा धरल्यासारखा. इतकी वर्षं ते पाठीमागून बायका ऐकत आले होते. आता पहिल्यांदाच समोरून बघत होते.

अदितीला ते आवडलं नव्हतं. मला म्हणाली, "अगं, ते बहिरे आहेत. त्यांच्या हातावर मी थांबायचं? काहीतरीच!" मीही मनातून तिच्याच बाजूची होते. कान तर माझे धड होते. मीच सांगितलं असतं की बाई थांबली म्हणून.

ते मढच्या फिलोमिना आजीच्या दिवशी मिटलं. तेच सरांचं आमच्याकडचं शेवटचं ऑपरेशन. पुढे ते सिन्नरला भावाकडे राहायला गेले आणि तिथेच झोपेत गेले. निरोप फोनवर आला.

फिलोमिना आजी म्हणजे हाडांची नुसती मोळी, पण बोलायला पक्की. मुलगी भांडुपला दिलेली, तिच्याकडे आली आणि रिक्षाच्या एका खड्ड्यात मणका बसला. मढला शेजारच्या बंगल्यात शूटिंग चालतात, तर एकदा तिचंही अंगण भाड्याने घेतलं होतं, मयताच्या सीनसाठी. तो किस्सा तिने टेबलावर लावला. हिरोची आई मेलीय, अंगणात खाटेवर ठेवलीय, पांढरी चादर, सगळे रडतायत. आजीलाही रडायला बसवलंय. आणि आजीच्या कोंबड्या खुराड्यात कोंडायच्या राहिल्यात.

मी ऐकत होते, हसू दाबत होते. आजीचा आवाज खडखडीत. पल्स ठीक, बीपी ठीक. अदिती सावकाश भरत होती. "मंग तो डायरेक्टर बोलला, सायलेन्स," आजी सांगत होती, "मंग माजी तांबडी कोंबडी..."

सरांचा हात खाली आला.

अदिती थांबली. "काय झालं? बोलतायत की त्या!"

खरंच, आजी बोलतच होती, एक अक्षर तुटलं नव्हतं. मीही म्हटलं, "सर, त्या थांबल्या नाहीत." सरांनी आमच्याकडे बघितलंही नाही. हात खालीच. अदितीने दातओठ खात मशीन फिरवायला सांगितलं. पडद्यावर मागच्या भिंतीकडे एक केसासारखी रेघ निघाली होती, नुकतीच. मघाच्या चित्रात ती नव्हती.

"आजी, पायात काही झालं का?" मी विचारलं.

"आली होती कळ. जरासीच."

"मग थांबायचं ना!"

"गोष्ट अर्धी टाकून कसं चालंल, बाय? डाक्टर एवढे ऐकतायत."

पेडणेकर मास्तरांसारखीच निघाली म्हातारी! माझे कान तिथे काही कामाचे नव्हते. सरांना मी नंतर विचारलं, तुम्ही काय बघितलंत? म्हणाले, "डोळे हसायचे थांबले. तोंड चालूच होतं." अदितीने तिथेच भरणं बंद केलं. पायाची बोटं हलली, ताकद बघितली, सगळं जागेवर. तिने सुई काढली, पट्टी लावली, हातमोजे उतरवले आणि सरांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. काहीतरी बोलायचं होतं तिला. पण त्यांच्या कानात मशीन नव्हतं, आणि पाठीमागून बोललेलं त्यांना कळणार नव्हतं, म्हणून ती नुसतीच उभी राहिली. डोळे पुसले तिने, मी बघितलं.

ट्रॉली आली. मावशी आणि वॉर्डबॉय चादरीची टोकं धरून तयार. मी सरांच्या खांद्याला हात लावला, समोर वाकून, मास्क खाली ओढून ओठ दाखवत म्हटलं, "सर, झालं. शिफ्ट करू या."

त्यांनी माझ्याकडे एक क्षण बघितलं आणि पुन्हा आजीच्या तोंडाकडे वळले.

"थांब गं, सावंत," ते म्हणाले. "कोंबडी आत्ता कुठे प्रेतावर चढलीय."